आईची हरकत

मला मेलीला माझ्या भाषेचा भारी माज. कचेरीसमोर टेबल टाकून वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतेय. वाटायचं, साहेबलोक माझ्या ‘उपरोक्त विषयान्वये’वरच विरघळतात.

राखीव पाणथळीला लागून रिसॉर्ट होणार, हरकती पंधरा दिवसांत द्या, अशी नोटीस लागली, तेव्हा अख्खी वस्ती माझ्याकडे धावली. मी झकास मसुदा केला. पर्यावरण, उपजीविका, कायद्याची कलमं, काही म्हणून सोडलं नाही. मग काय, खालचं नाव बदलायचं आणि छापायचं. सहाशे बारा हरकती! दोन खोकी भरली.

सगळ्यांत आधी आई बसली होती माझ्यासमोर. तिला लिहितावाचता येत नाही. जन्मभर तिनं त्याच पाणथळीतलं लव्हाळं कापून चटया विणल्या, त्यावर मला शिकवलं.

ती म्हणाली, “असं लिही, की तुम्ही बोटींचा धक्का बांधताय ना, त्या कोपऱ्यात पाणकोंबड्या घरटी करतात. यंदा अकरा आहेत. पिल्लं पाण्यात उतरेपर्यंत मी तिथं विळा लावत नाही. साहेबांना म्हणावं, मी थांबते, तुम्हीही थांबा.”

“आई, अर्ज आहे हा, गप्पा नव्हेत,” मी खेकसले.

“एवढंच लिही गं.”

मागे रांग लागलेली, माझं डोकं उठलेलं. “लिहिलं बाई, लिहिलं!” म्हणत मी तोच छापील कागद पुढे सरकवला. तिनं अंगठा उठवला आणि शाई पुसू नये म्हणून कागदावर हळूच फुंकर घातली.

आज निकाल लागला. रिसॉर्टला परवानगी. मी तावातावानं कचेरीत शिरले. कारकून ओळखीचा, त्यानं निमूट फाइल उघडली. ‘सर्व हरकतींचा मजकूर एकसारखा असल्याने त्या सर्व मिळून एकच हरकत धरण्यात येत आहे.’ सोबत नमुना म्हणून एकच कागद लावला होता. त्यावर आईचा अंगठा.

खाली आणखी एक ओळ होती. धक्क्याच्या जागी पक्ष्यांची घरटी नाहीत, असं कंपनीचा अहवाल म्हणतो, आणि त्यावर कोणाचीही हरकत नाही.

“बाई, एकानं जरी घरट्यांचं लिहिलं असतं ना,” कारकून म्हणाला, “तर साहेबांना जागेवर जाऊन बघावंच लागलं असतं. नियमच आहे तसा.”

“मग आता लिहिते!”

“मुदत संपली.”

घरी आले तर आई दारात चटई विणत बसलेली. कसंबसं सांगितलं, “आई, हरलो. सगळ्यांची मिळून एकच हरकत धरली. तुझी.”

“माझी?” तिचे हात थांबले. “म्हणजे घरट्यांचं वाचलं त्यांनी?”

मी चपला काढायला खाली वाकले.

“वाचूनसुद्धा हो म्हणाले?”

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांसाठी शब्द जुळवले आणि स्वतःच्या आईपुढे एक सरळ वाक्य निघेना. “हो,” मी म्हणाले.

तिनं बराच वेळ लव्हाळ्याची एकच काडी बोटांत धरून ठेवली. माझे डोळे भरलेले बघून मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला.

“रडू नको गं,” ती म्हणाली. “तू लिहिलं होतंस ना. तू तरी आणखी काय करणार?”