दोनच्या आधी दहा

मी डिक्शनरी बोलतेय. शब्दार्थ विचारू नका, मी कपाटातली जाडजूड नव्हे, प्रोग्राममधली. माझ्या पोटात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला एक चावी. चावी सांगा, आतली नोंद लगेच हातात ठेवते. मात्र हेच कप्पे ओळीनं दाखव म्हटलं की माझी पंचाईत होते.

माझा जन्म बोईसरचा, भाग्येशच्या लॅपटॉपवर. त्याचे वडील नागोराव नांदेडहून इथल्या एका कारखान्यात आले आणि इथलेच झाले. कारखान्यानं उमरोळीत डोळ्यांचं मोफत शिबिर भरवलं, तेव्हा तिथल्या रांगेचा प्रोग्राम लिहायला त्यांनी मोठ्या कौतुकानं मुलाचं नाव पुढे केलं. टोकन नंबर ही चावी, पेशंटचं नाव कप्प्यात. चाव्यांची यादी क्रमानं लावायची आणि एकेक नाव पुकारायचं, अशी भाग्येशनं सोय केली. मी फुगलेच. आता आपल्याला शिस्त लागली, असं मला वाटलं.

डोंगराकडच्या पाड्यावरून मंगळी उजाडायच्या आत निघाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टोकन दोन. तिकडं परत जाणारी एकच जीप होती, ती बाराला सुटायची.

मी एक नंबर पुकारला. मग दहा. मग अकरा, बारा, तेरा. भाग्येशनं आकडे मजकूर म्हणून भरले होते, आणि मजकुराच्या क्रमात एकानं सुरू होणारे सगळे दोनच्या आधी लागतात. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. अक्कल वाटली तेव्हा मी रांगेत नव्हते.

"बाय, माज्या मागून आलेली मानसं जाऊन आली," मंगळी नोंदणीवरच्या उषाताईंना म्हणाली. "तो खोकनारा गेला, मंग ती पैंजनवाली. माजा नंबर कवा?"

"मावशी, सिस्टिम बोलावतेय तसंच चाललंय."

माणसांची ही सवय मला कळत नाही. समोरच्या बाईचा भरवसा नाही, आणि माझा आहे.

बाराला जीपवाल्यानं हॉर्न दिला. उषाताईंनी मंगळीला पुढच्या शिबिराला यायला सांगितलं.

"जीप जाऊं दे," मंगळी म्हणाली. "दिसत नाय त घरी जाऊन काय करू?"

हे ऐकून भाग्येशनं पडद्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं एक ओळ बदलली, टोकनं आकडे म्हणून लावायला सांगितली. मी दोन नंबर पुकारला, तोवर जीप गेली होती.

मंगळी ऑपरेशनची तारीख घेऊन बाहेर आली. भाग्येशनं तिला पाड्यावर सोडायला बाईकवर बसवलं, लॅपटॉपची बॅग तिच्या मांडीवर दिली.

"या पेटीनं बसवून ठेवला का मला?"

"नाही मावशी, चूक माझी. मीच तिला नीट सांगितलं नव्हतं."

आमच्यासारख्यांवर ढकलून मोकळे होणारे खूप असतात म्हणे. यानं चूक स्वतःकडे घेतली. मला फार लाज वाटली.

शिबिर संपलं, माझे कप्पे रिकामे झाले. पुन्हा कुठं कामाला लावलंत तर एवढं करा. मी नावं पुकारत असताना बाकावर कोण ताटकळलंय, ते मान वर करून बघत जा. मला डोळे नाहीत, आणि माझं ऑपरेशन कुठल्याच शिबिरात होत नाही.