तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

“मारा सेल्फ, शेठ!”

काळुराम पाटलांनी पायाखालचं बटण दाबलं. मिलिटरीच्या लिलावातली ती ऐंशी वर्षांची जीप दोनदा खोकली आणि चालू झाली. गुणाजीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मुठीला कान लावला. लष्कराच्या वर्कशॉपात उभी हयात त्याने अशीच इंजिनं तपासली होती. साहेब लोक मीटर लावायचे आणि शेवटी विचारायचे गुणाजीलाच.

“एकदम मख्खन! उद्या खुशाल न्या.”

“बस! आमची पोर भावना आज्याच्या जीपमधनंच लग्नाला जानार,” म्हणत काळुराम मांडववाल्याकडे पळाले. त्यांच्या वडिलांनी बाळकुमच्या मिठागरावरची पोती याच जीपने ओढली होती. एवढं मीठ खाऊन ती टिकली हेच नवल!

काळुरामांची बायको शकू चहा घेऊन आली आणि थबकली.

“मिस्त्री, ही आतून ठोकते काय?”

“जुनं इंजिन आहे वहिनी, थोडं बोलणारच.”

“आसंल. माझेच कान वाजत आसतील.”

विषय तिथे मिटला होता. गुणाजीला मात्र चहा गोड लागेना. त्याने चालू जीपभोवती तीन चकरा मारल्या. उजवा कान लावून पाहिला, मग डावा. सगळं शांत होतं, फारच शांत. दिवा गावातल्या स्वतःच्या घरी सून ‘बाबा, टीव्ही बारीक करा’ म्हणायची, तेव्हा तो उलट तिच्यावरच डाफरायचा. बेअरिंग गेलं असेल आणि उद्या माजिवड्याच्या पुलावर, नवरी आत बसलेली असताना इंजिन फुटलं तर?

“वहिनी, जरा इकडे या. या मुठीला कान लावा.”

शकूने पदर खोचला. गुणाजी टोक एकेका सिलिंडरखाली सरकवत गेला.

“हितं नाय. हितं पन नाय. आई गं! हितं तर कोन हातोडा मारतंय!”

तिसरा सिलिंडर होता तो. गुणाजीने जीपखाली शिरून इंजिनचं तेलाचं चेंबर उतरवलं. बेअरिंग पार झिजलं होतं. पेटीत जपलेली नवी जोडी त्याने दुपार सरायच्या आत बसवली. हात कुठेही चुकले नाहीत, चुकले ते कान, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी काळुराम पाच-सहा पाहुण्यांना घेऊन आले. जीप चालू केली.

“आता बघा आमच्या मिस्त्रीचा कान! डॉक्टर झक मारतोय! लावा, मिस्त्री.”

शकू जमिनीकडे बघत उभी राहिली. ती काही बोलणार नव्हती. गुणाजीने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

त्याने स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला आणि मूठ तिच्यापुढे धरली.

“मला ऐकू येत नाही, शेठ. वहिनींना येतं.”

काळुरामांचं हसू तोंडातच राहिलं. शकूने मुठीला कान लावून डोळे मिटले. गुणाजी तिच्या ओठांकडे बघत होता.

“ठोकत नाय,” ती म्हणाली.

“काय?”

ती जवळ आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाशी ओरडली, “ठोकत नाय, मिस्त्री!”

गुणाजीने बॉनेट लावलं.