टॉवेलचं झबलं

मित्रांनो, मी एक जुनी राउटरची पेटी आहे. तारेतून येणारं इंटरनेट घरभर वाटते, ती मी. डोक्यावर दोन शिंगं, पोटात चार हिरवे दिवे आणि नाकावर राग. मी नसेन तर या घरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता आरसा. तोंड बघा आणि गप्प बसा!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. डोळे उघडले ते सोलापुरात, गुरुबसप्पांच्या घरी. खाली त्यांचे टॉवेलचे माग, वर आम्ही. त्यांच्या दाक्षायणीची अर्धी शाळा माझ्या जिवावर झाली. तिची आई गंगम्मा पाहुण्यांना सांगायची, "आमच्या पेटीला एकदाबी दम लागला न्हाय."

त्याच गंगम्मानं माझा दम कोंडला. माग चालले की कापसाची धूळ उडते, म्हणून या घरात मिक्सरला झबलं, टीव्हीला झबलं. यंदा माझी पाळी आली. जाड टॉवेलचं झबलं, शिंगांपुरती दोन भोकं! आधी मी फुशारले. मग जीव उकडायला लागला. फार तापले की माझे दिवे विझायचे आणि नेट जायचं.

आणि नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत पाचपर्यंत. दाक्षायणीनं मला बंद केलं, चालू केलं, तार ओढली, कॉम्प्युटरही दोनदा बंद-चालू केला. अर्ज अर्ध्यावर आला की मी गचकायची. मला काय हौस होती?

तीनला दुरुस्तीवाला चन्नवीर आला. झबलं बाजूला टाकलं, तार तपासली. मला वारा लागला, दिवे लागले.

"काकू, पेटी ठणठणीत हाय की!" म्हणाला आणि गेला.

"उघडी टाकून गेला बघ. रीतच न्हाय," म्हणत गंगम्मानं पुन्हा झबलं चढवलं. काही वेळात नेट गेलं.

साडेचारला चन्नवीर परत आला. नेट आलं. तो जिना उतरला, झबलं चढलं, नेट गेलं.

"ह्यो आला की येतंय, गेला की जातंय," गंगम्मा कडाडली. "जावई करून हितंच ठिवू का त्याला?"

दाक्षायणी रडवेली झाली होती. एकदम थांबून आईला म्हणाली, "अव्वा, तो आल्यावर पहिलं काय करतो?"

"काय करतोय? माझं झबलं काढतोय मेला…"

बोलता बोलता गंगम्मानं माझ्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. "अगं बया! हिला तर ताप आलाय!"

झबलं उडालं. त्याच टॉवेलानं ती मला वारा घालू लागली. पाचला सात मिनिटं असताना माझे दिवे लागले. पाचला दोन असताना अर्ज गेला. चुकलं, असं गंगम्मा म्हणाली नाही. पण टॉवेल हलवायची मात्र थांबली नाही.

मित्रांनो, धूळ पुसा, लाड करा. फक्त पांघरूण घालण्याआधी एकदा अंगाला हात लावून बघा.