नाव घातलेला प्रश्न

विनिफ्रेड हॅस्लमबाईंना लंडनच्या संसदेत प्रश्न विचारायची भारी खोड. आणि प्रश्न कसले, तर इंग्रजांच्या ताब्यातल्या केनियाचे. मतदारसंघातले खाणकामगार वैतागायचे, "बाई, कधीतरी आमचंही विचारा की." बाई हसायच्या आणि पुन्हा केनियाचंच विचारायच्या.

तिथल्या कैद्यांच्या छावणीत एक कैदी मारहाणीत मेला, हे खरं का? असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा वसाहतमंत्र्यांनी जेमतेम उठल्यासारखं करून उत्तर फेकलं, अशी माहिती सरकारकडे नाही. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या खेपेला त्यांनी छापील प्रश्नात साक्षीदाराचं नावच घातलं: एलिजा मोगाका, छावणीतला स्वयंपाकी. एकदा नाव चारचौघांत आलं की कोण हात लावतंय त्याला, असा त्यांचा हिशेब.

उत्तराच्या दिवशी सभागृहात जाताना म्हातारे गिलीस शेजारून चालू लागले. एकाच बाकावर जन्म झिजवलेला माणूस.

"विनी, तुझं उत्तर कोण लिहितं, ठाऊक आहे ना?"

"मंत्रालय."

"कप्पाळ मंत्रालय. मंत्रालय विचारतं गव्हर्नरला, गव्हर्नर जिल्ह्याच्या साहेबाला आणि तो साहेब छावणीच्या अधिकाऱ्याला. पोरी, ज्यानं मारलं तोच लिहितो."

बाई चालता चालता थांबल्या. "मग मागे घेते मी."

"घे. पण त्यांनी वाचायचं ते कधीच वाचलंय."

बाईंनी प्रश्न मागे घेतला नाही. मोगाकाचं काय झालं हे कळायला दुसरी वाटच नव्हती.

मंत्रिमहाराज आज नीट ताठ उभे राहिले. आवाजात नुसतं लोणी. "चौकशी झाली. कैदी तापानं गेला. सन्माननीय सदस्यांचे आम्ही आभारी आहोत. असा कुणी साक्षीदार आहे, हे त्यांच्यामुळेच कळलं. त्यानं आपलं म्हणणं मागे घेतलं आहे."

रिवाजाप्रमाणे बाईंना एक उपप्रश्न मिळत होता. "मोगाका आत्ता कुठे आहे?"

मंत्र्यांनी हातातला कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "त्यासाठी सदस्यांनी रीतसर नव्या प्रश्नाची सूचना द्यावी."

नवी सूचना म्हणजे पुन्हा तेच नाव छापायचं, आणि ते पुन्हा त्याच माणसाच्या हातात जायचं. बाईंना स्वतःचीच किळस आली. सभापतींनी पुढच्या सदस्याला पुकारलं, तरी त्या उभ्याच होत्या. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "बसा आता."