जिवंत असता तर

राजकुमार ऊसतोडीला गेला आणि परत आलाच नाही. सकाळी फडातून बाहेर पडला, एवढंच टोळीतल्या लोकांना ठाऊक. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला. आठ वर्षं गेली. महागावजवळच्या तांड्यावर त्याची बायको अंजू आणि आई भुरीबाई एका छपराखाली राहत होत्या. एकीनं त्याची आशा सोडली होती, दुसरीनं नाही.

मग लखीराम नावाच्या विधुरानं अंजूला मागणी घातली. तांड्याचा नायक हो म्हणाला, पण वकील विजयमालाबाईंनी स्पष्ट सांगितलं, "पहिलं लग्न कोर्टानं मोडल्याशिवाय दुसरं कायद्यात टिकत नाही. सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याच्यापासून घटस्फोट मिळतो. पण ज्यांना खबर लागली असती, त्यांनीच तसं सांगावं लागतं. सगळ्यात आधी त्याच्या आईनं."

अंजूनं सासूचे पाय धरले. "याडी, एवढं एकडाव सांग."

"माह्याच तोंडानं त्याले मारू?"

"मंग मी काय करू? ना सवाष्ण, ना रांड. अशीच मरू?"

भुरीबाई हो म्हणाली नाही. पण कोर्टाच्या तारखेला मुकाट्यानं एसटीत बसली.

साक्षीच्या पिंजऱ्यात न्यायाधीशांनी विचारलं, "मुलाची काही खबर?"

"फोन आलता. दिवाळीले."

घरात फोन एकच, तोही अंजूजवळ. "खोटं हाय!" ती ओरडली. शिपायानं तिला गप्प केलं.

"काय म्हणाला?"

"मी खुशाल हाव म्हणे."

विजयमालाबाई उठल्या. "साहेब, मग आम्ही अर्ज दुरुस्त करू. बायकोला टाकून गेला, या कारणावर घटस्फोट मागू."

"काय म्हणते ते?" भुरीबाईनं विचारलं.

न्यायाधीशांनी समजावलं, "तो जिवंत असून घरी येत नाही, म्हणजे त्यानं बायकोला सोडलं, असं म्हणतात त्या."

"सोडलं?" म्हातारीनं कठडा घट्ट धरला. "नाही साहेब. बायको-मायले टाकनारा नाही माहा राजकुमार. जिवंत असता तं आला असता."

बोलली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मग तो फोन?" न्यायाधीशांनी हळूच विचारलं.

"नाही आला. कधीच नाही आला."

बाहेर कडुनिंबाखाली तिनं ऊर बडवून हंबरडा फोडला. अंजू सावरायला गेली तर तिला ढकललं. "झालं ना तुह्या मनासारखं?"

घटस्फोट मंजूर झाला. पण भुरीबाई आता अंजूच्या हातचं खात नाही. अंजू भाकर झाकून ठेवते, सांजेला तशीच उचलते. शेजारची बाई काही देते, त्यावर म्हातारी जगते. लखीराम लग्नाची तारीख मागतोय.

परवा अंजू रडकुंडीला आली. "चाल ना माह्यासंगं, याडी. तुले एकटी टाकून कशी जाऊ? लखीरामची ना नाही."

म्हातारीनं विचारलं, "त्याचे दिवस कधी घालाचे, ते सांगतलं का कोर्टानं?"

कोर्टानं फक्त लग्न मोडलं होतं, राजकुमार मेला असं म्हटलं नव्हतं. अंजूनं लखीरामला निरोप धाडला, अजून थांब म्हणून.