वस्तादाने खुरपलेला वाफा

उजवी बाजू

वस्तादाने खुरपं खाली ठेवलं आणि मिशीवरून हात फिरवला. पालकाचा वाफा कसा दिसत होता? नुकत्याच केलेल्या दाढीसारखा. चाळीस वर्षं लोकांची डोकी भादरलेल्या माणसाला गवत म्हणजे किस झाड की पत्ती!

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. आता पाय चालत होते, जीभ तर तेव्हाही थांबली नव्हती. उरली होती फक्त एक सही. हॉस्पिटलच्या गच्चीवर पेशंटांकडून बागकाम करून घेणाऱ्या बाई आज लिहून देणार होत्या, की या माणसाने दुकानात पुन्हा वस्तरा धरायला हरकत नाही.

"बाई, बघा आणि सही ठोका. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

बाईंनी कमरेइतक्या उंच ओट्यावरचा वाफा पाहिला. "सगळा झाला?"

"म्हणजे काय! हात बघा हवं तर." त्याने दोन्ही हात पुढे धरले. जराही थरथर नाही.

"हात छान आहेत," बाई म्हणाल्या. "जरा ओट्याच्या पलीकडे येता?"

डावी बाजू

पलीकडून बघितलं तर अर्ध्या वाफ्यात रान माजलेलं. वीतभर गवत, त्यात गुदमरलेला पालक. मधोमध जणू कोणी भांग पाडलाय.

आणि गवताशेजारी स्टुलावर त्याची बायको.

"तू कधी आलीस?"

"तुमच्या मागोमागच आले की! दोन तास तुमच्या डाव्या हाताला बसलेय. बाईंनी गप्प बसायला सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच जमलं बघा."

"हा वाफा माझा नाही."

"तुमचाच आहे," बाई म्हणाल्या.

तो तरातरा मूळ जागी गेला. गवत गायब. पुन्हा पलीकडे आला. गवत हजर. तीन फेऱ्या झाल्या. चौथीला तो मध्येच थांबला.

"डोळे ठणठणीत आहेत," बाईंनी सांगितलं. "मेंदू डावीकडचं हिशेबातच धरत नाही. आणि धरत नाही, हेही त्याला कळत नाही. नुसतं सांगून कोणाला पटतं? म्हणून वाफा."

"अहो, ताटातलंही डावीकडचं तसंच उरतं रोज," बायको म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याच हाताची चव गेली."

वस्तादाच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक आलं. एक गाल चकचकीत, दुसऱ्यावर फेस तसाच. त्याला हसू फुटलं. मग त्या फेसाखालचा गळा आठवला. आणि कान. आणि आपल्या हातातलं पातं. हसू जागच्या जागी विरलं.

"सुधारतं का हे?"

"पुष्कळ. पण घाम गाळावा लागतो."

दोन्ही

बाईंनी ओट्याच्या डाव्या कडेला लाल सुतळी बांधली. "सुतळी दिसेपर्यंत मान वळवायची. दिसली की तिथून उजवीकडे यायचं."

वस्ताद आपल्या जागी उभा राहिला. मान वळवली. काही नाही.

"अजून," बायको म्हणाली.

"वळवली की!"

"कुठे? मान आहे की गंजलेली बिजागरी? अजून."

अजून वळवली. आणि एकदम लाल.

सुतळीला टेकलेला गवताचा पहिला झुबका त्याने मुळासकट उपटला आणि बायकोच्या हातात दिला. नीट, तिच्या तोंडाकडे बघून.

"बाई, आणा तो कागद," तो म्हणाला. "लिहा, वस्तरा आत्ता नाही."

बाईंचा हात थबकला. "तुम्हीच सांगताय?"

"मग कोण सांगणार? चाळीस वर्षांत माझ्या खुर्चीवरून कोणी रक्ताळून उठला नाही. आता उठायचा नाही. वाफा सलग तीनदा दोन्हीकडून साफ झाला, की पुन्हा तपासा. आणि मोठ्या डॉक्टरांना निरोप द्या, पहिली दाढी त्यांची. डाव्या गालापासून."

बाई लिहू लागल्या. वस्तादाने मान वळवली, पुन्हा सुतळी शोधली आणि खुरपं उचललं.