घट्ट हाय तवर

मी फुटबॉलचा एक जुना कातडी चेंडू आहे. सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात, मनुबाईच्या घरातल्या देवळीत मी बसून असतो. शेजारी देवांचे टाक आहेत. माझ्यावरही हळदकुंकू वाहतात. तुम्ही हसाल. आधी मलाही हसू यायचे, आता येत नाही.

मित्रांनो, माझा जन्म इंग्लंडातल्या एका कोळशाच्या गावी झाला. कातड्याच्या पट्ट्या मेणाच्या दोऱ्याने शिवल्या, पोटात रबरी ब्लॅडर घातले आणि तोंड वादीने आवळले. तिथले खेळाडू आठवडाभर खाणीत उतरत आणि शनिवारी मैदानात. त्या हंगामात त्यांचा संघ पार तळाला गेला होता. आणखी एकदा हरले तर ते खालच्या विभागात ढकलले जाणार होते. पाऊस असा, की पाणी पिऊन मी दगड होई आणि मला डोक्याने मारणारा रात्रीपर्यंत कपाळ चोळत बसे. संघाचा कप्तान वॉल्टर मोठा हट्टी. पंपाची हवा निर्जीव असते म्हणे! म्हणून पाळीपाळीने एकेका खेळाडूने आपल्या छातीतला श्वास माझ्यात फुंकायचा, असा त्याचा दंडक होता.

एका आठवड्यात पाळी नेडची आली. डाव्या बगलेवर धावणारा हा हसरा गडी. गुरुवारी त्याने मला फुगवले, शुक्रवारी खाण कोसळली आणि नेड आतच राहिला. शनिवारी वॉल्टरने मला कुणाला उघडू दिले नाही. नेडची जागा रिकामी ठेवून ते दहाजण उतरले. धुके इतके दाट, की समोरचा गोल दिसेना. डाव्या बगलेला चिटपाखरू नव्हते, तरी तिकडून मला लाथ बसली. मी नेमका वॉल्टरच्या पायाशी आलो, गोल झाला आणि संघ वाचला. लाथ कुणी मारली हे कुणी विचारले नाही. मला तो पाय ओळखीचा होता.

मग दुसरी मोठी लढाई आली. वॉल्टर सार्जंट होऊन हिंदुस्थानात आला आणि छावणीत मराठा जवानांना खेळ शिकवू लागला. त्यातला जोतीराम बूट काढून अनवाणी खेळायचा. साहेबाचा भारी जीव त्याच्यावर. पलटण इटलीला निघण्याआधी साहेबाने मला जोतीरामला देऊन टाकले आणि नेडची गोष्टही सांगितली. जोतीराम सुट्टीवर घरी आला. परत जाताना ओसरीवर बसून त्याने मला गच्च फुगवले, वादी आवळली आणि आईच्या, म्हणजे मनुबाईच्या, मांडीवर ठेवले. हसत हसत तीच गोष्ट त्याने आईला ऐकवली आणि तो गेला.

पुढे तार आली. जोतीराम बेपत्ता! मेला म्हणावे तर पुरावा नाही, आहे म्हणावे तर पत्ता नाही. त्याची बायको चंद्राबाई हिचा जीव टांगणीला लागला. वर्ष उलटले तेव्हा जोतीरामचा चुलता तात्याबा बोलायला आला. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळावा, सुतक धरावे आणि सुनेचे कुंकू उतरवावे, अशी रीत. तात्याबा काही वाईट माणूस नव्हता. पोराचा आत्मा भटकत राहू नये, एवढेच त्याच्या मनात होते.

मनुबाईने मला त्याच्यापुढे धरले. "भावजी, त्येचा श्वास घरात हाय. श्वास असताना पुतळा जाळायचा व्हय?"

तात्याबाने मला दाबून पाहिले. "बरं. घट्ट हाय तवर थांबू. मऊ पडला की मातुर मी ऐकायचा न्हाई."

म्हातारीने गोष्ट अर्धीच ध्यानात ठेवली होती. श्वास टिकतो हे तिला आठवत होते. ज्याचा श्वास तो आधीच गेला होता, हे ती सोयीस्कर विसरली. आईचे काळीज, दुसरे काय!

दर अमावास्येला तात्याबा येई, हातपाय धुऊन मला दाबी आणि मुकाट्याने जाई. पण मित्रांनो, कुठला चेंडू वर्षभर हवा धरतो? चंद्राबाई रानात गेली की म्हातारी दार लोटून मला उघडी आणि बोळक्या तोंडाने फुंकत राही. फुंकता फुंकता तिला धाप लागे. जोतीरामचा श्वास केव्हाच उडाला होता. माझ्यात भरलेला होता तो तिच्या मिश्रीचा वास.

थंडीत मनुबाई गेली. हे गुपित तिने सुनेलाही सांगितले नव्हते. मी सैल पडू लागलो. अंग ताठ धरून पाहिले, पण कातड्याच्या हाती काय असते! अमावास्येच्या सकाळी चंद्राबाईने मला पुसायला घेतले आणि तिचे बोट आत रुतले. अंगणात तात्याबाने पळसाची पाने आणून ठेवलीच होती. आरशापुढे बसून तिने ठसठशीत कुंकू लावले, बराच वेळ स्वतःकडे पाहिले आणि दाराला कडी घालून ती नदीवर गेली.

भर दुपार होती. घरात कुणी नव्हते. माझी वादी हळूहळू सुटू लागली. ब्लॅडरची नळी वर आली आणि माझ्यात श्वास शिरला. थंडगार, ओल्या मातीचा, लांबलचक. ती छाती मी लगेच ओळखली. वादी पुन्हा आवळली गेली. बाहेरची कडी हललीसुद्धा नाही.

तात्याबा चौघांना घेऊन आला. त्याने मला दाबले, मग दोन्ही हातांनी दाबले.

"घट्ट हाय," तो म्हणाला आणि पाने उचलायला लावून निघून गेला.

चंद्राबाईने मला उराशी धरले. ती रडत होती आणि हसत होती. "मी म्हनत न्हवते? त्यो हाय. येनार त्यो."

काय सांगू तिला! जिवंत माणूस कडी काढून घरात येतो.

तेव्हापासून दर अमावास्येला जोतीराम येतो, आणि दर खेपेला त्याला श्वास थोडा कमी पडतो. माझीही एक शिवण उसवली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करत जा, त्यांच्यावर कुणाचे काय टांगलेले असते ते आपल्याला ठाऊक नसते. तुमच्यापैकी कुणाला दाभण धरता येत असेल तर या, मला टाके घालून द्या. उघडू मात्र नका. आणि आत कुणाचा श्वास आहे असे चंद्राबाईने विचारले, तर जोतीरामचा म्हणू नका, नाहीतर कडी न काढता तो आत कसा आला ते तिला उमगेल; मनुबाईचा म्हणून सांगा.